नव्वदीतले 'टॉप टेन' कार्यक्रम आणि घरोघरच्या व्हीएचएस टेपा (इंदूर)

सुदामानगरी

रविवारी रात्री दूरदर्शनच्या मेट्रो चॅनलवर बाबा सहगलचं 'सुपरहिट मुकाबला', झी टीव्हीवर सतीश कौशिक आणि पंकज कपूर यांचं 'फिलिप्स टॉप टेन', पुढे चॅनल व्हीचे कार्यक्रम. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत माळ्यावर याच्या टेपा अजून पडून आहेत. लेबलवर फार तर 'गाने – रवि. रात' एवढंच. तारीख नाही, साल नाही.

यातली गाणी वाचवायचा प्रश्नच नाही. सगळी नेटवर आहेत, आणि टेपेपेक्षा शंभरपट स्वच्छ. नाहीत त्या मधल्या गोष्टी: कुठलं गाणं कितव्या पायदानावर होतं, सूत्रसंचालकाची मधली बडबड, प्रायोजकाच्या जाहिराती, 'येत्या शुक्रवारी' असं सांगणाऱ्या सिनेमाच्या झलका. त्यामुळे या धाग्यात तीन गोष्टी हव्या आहेत: (१) टेप डिजिटल करायची नीट पद्धत, (२) तारीख न लिहिलेल्या टेपेची तारीख कशी काढायची, (३) ते नंबर कितपत खरे होते. आठवणी लिहायला दुसरे धागे आहेत, इथे कामाचं लिहा.

रीळवाले

पहिली गोष्ट, टेप मशीनमध्ये घालू नका. आधी पुढची झडप उघडा (उजव्या बाजूला छोटं बटण असतं, ते दाबलं की उचलते) आणि मग खिडकीतून रिळाच्या कडा उजेडात बघा. कड काळी-तपकिरी आणि गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढरी पूड, धागे किंवा जाळीसारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याइथे उन्हाळा कोरडा, पण जून ते सप्टेंबर माळ्यावर ओल चढते आणि टेप अर्धवट गुंडाळलेली असेल तर बुरशी आतपर्यंत जाते. अशी एक टेप लावली की हेडवर पूड बसते, आणि त्यानंतर त्या मशीनमध्ये घातलेल्या प्रत्येक टेपेला तीच पूड लागते.

बुरशीची टेप वेगळ्या पिशवीत बंद करा. ती साफ करायची ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून. कॅसेट उलटी करून खालचे पाच स्क्रू काढा, दोन्ही अर्धे हातात घट्ट धरून सुलटी करा आणि मगच वरचा अर्धा उचला. उलटीच उघडली तर रिळं आणि ब्रेकच्या बारीक स्प्रिंगा खाली सांडतात. उघडल्या उघडल्या फीत कुठून कुठे जाते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

साफसफाई कोरडीच. रिळाच्या कडेवरून मऊ, धागे न सुटणारं कापड फिरवायचं, मग फीत हळूहळू दुसऱ्या रिळावर घेताना दोन्ही बाजूंनी तेच कापड हलकं धरायचं. कापड सारखं बदला. त्यानंतर टेप नव्या किंवा स्वच्छ खोक्यात बसवा. जुनं खोकं फेकून द्या, त्यात बीजं राहतात.

रामबागकर

नवीन खोकं आणायचं कुठून? कोऱ्या टेपा तर आता मिळत नाहीत.

रीळवाले

लग्नाच्या निकामी टेपा किंवा जुन्या भाड्याच्या सिनेमांच्या कॅसेटी. भंगारात पोत्याने असतात. पाच स्क्रूवाली बघून घ्या, स्वस्तातली काही खोकी चिकटवलेली असतात, ती फोडावी लागतात.

माळव्यातली_अनघा

मशीनबद्दल लिहिते. जेल रोडला जुनं व्हीसीआर किंवा व्हीसीपी (फक्त टेप दाखवणारं, रेकॉर्ड न करणारं) घेताना 'चालू आहे' यावर जाऊ नका. पॉवर आल्यावर दिवा लागतो म्हणजे चालू, असा तिथे अर्थ असतो. सोबत एक बिनमहत्त्वाची टेप न्या आणि पाच गोष्टी तपासा: टेप आत ओढते का, प्लेला चित्र येतं का, पुढे-मागे पूर्ण रीळ जाते का, थांबवल्यावर फीत बाहेर लोंबत नाही ना, आणि बाहेर काढताना चावत नाही ना. शेवटच्या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर बहुतेक वेळा रबर गेलेलं असतं: रीळ फिरवणाऱ्या आयडलर चाकाचा टायर गुळगुळीत झालेला, किंवा पट्टा सैल. हे दोन्ही बदलता येतात. चित्रात मात्र सगळ्या टेपांना सारख्याच जाड मुंग्या असतील आणि साफ करूनही जात नसतील तर हेड झिजलं आहे, ते मशीन सोडा.

हेड साफ करणं: मशीनची वायर काढा, वरचं झाकण उघडा. चकचकीत तिरका ड्रम दिसेल, ६२ मिलिमीटर व्यासाचा. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) मशीनमध्ये तो मिनिटाला १५०० फेरे मारतो. शॅमी कातड्याची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून ड्रमच्या कडेला हलकी टेकवायची आणि स्थिर धरायची. दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. पट्टी वर-खाली अजिबात नाही. हेडची टोकं फेराइटची, काचेसारखी ठिसूळ, वर-खालच्या धक्क्याने तुटतात. कापसाची काडी ड्रमला लावू नका, तंतू अडकतो. बाजूच्या स्थिर ऑडिओ-कंट्रोल हेडला काडी चालते. रबरी दाबचाकाला साबणाचं पाणी पुरे, स्पिरिटने रबर कडक होतं.

दवाबाजारात मागताना 'आयसोप्रोपिल, ९९' असंच सांगा. सर्जिकल स्पिरिट आणू नका, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात.

आणि एक वेडेपणा वाचवा: झाकण उघडं ठेवून, वर टेबललॅम्प लावून टेप लावली की मशीन लगेच थांबतं आणि माणूस मोटर बदलायला निघतो. बिघाड काही नसतो. टेपेच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो, मशीनमधल्या दिव्याचा उजेड त्यातून आरपार गेला की 'टेप संपली' असं त्याला कळतं. बाहेरचा उजेड त्या सेन्सरवर पडला की मशीनला टेप सुरुवातीलाच संपलेली वाटते.

रामबागकर

बुरशी नसलेली टेप थेट लावायची, की आधी पुढे-मागे?

रीळवाले

आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे, एकदाच. वर्षानुवर्षं उभ्या-आडव्या पडलेल्या टेपेचा ताण सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे चित्राच्या वरच्या पट्ट्यात झेंडा फडकल्यासारखं होतं. एकदा फिरवली की बरंच कमी होतं. पण फिरवताना कुईकुई आवाज आला किंवा वेग अडखळला तर थांबा, ती टेप जबरदस्तीने ओढू नका.

कडा चुरगळल्या असतील तर काय जाणार ते आधीच कळतं. व्हीएचएसमध्ये साधा आवाज फितीच्या वरच्या कडेला असतो आणि चित्राचा ठेका धरणारा कंट्रोल ट्रॅक खालच्या कडेला. वरची कड गेली तर आवाज बसतो, खालची गेली तर चित्र सरकत राहतं आणि ट्रॅकिंग कितीही फिरवलं तरी जागेवर येत नाही.

चिप_चिवडा

आता कॅप्चर. मशीनच्या मागे अँटेनाची आरएफ पिन असते आणि व्हिडिओ-ऑडिओच्या आरसीए पिना. आरसीएच वापरा. आरएफमधून घेतलं तर मशीन सिग्नल पुन्हा चॅनलवर चढवतं आणि समोरचं यंत्र तो उतरवतं, यात फुकटचा कचरा वाढतो.

यूएसबीची स्वस्त कॅप्चर काडी (ईझीकॅप नावाने विकतात) चालते, पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काड्यांत चिप वेगवेगळी असते. विंडोज १० किंवा ११ वर ड्रायव्हरचं रडगाणं असतं. एसटीके११६० आणि यूटीव्ही००७ या दोन चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणं हा बऱ्याचदा कमी डोकेदुखीचा मार्ग.

सेटिंग: पाल बी, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी, ४:२:२ रंग, इंटरलेस्ड (एक चौकट दोन अर्ध्या चौकटींत) तसंच ठेवा. काडीबरोबर येणारं सॉफ्टवेअर थेट एमपेगमध्ये दाबून टाकतं, ते नको. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ कोडेक लावा, यात काही गमावलं जात नाही. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, म्हणजे ई-१८०ची (तीन तासांची) पूर्ण टेप १०० जीबीच्या आसपास. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल तुटते.

कॅप्चर सुरू करण्याआधी हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. बऱ्याच काड्यांचं मूळ सेटिंग पांढरा रंग कापतं, आणि या कार्यक्रमांत चकचकीत सेट, पांढरे शर्ट आणि चांदीच्या जाकिटांना तोटा नाही. एकदा कापलेला पांढरा नंतर परत येत नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट दोन्ही थोडे खाली घ्या.

लोकमान्यनगर_२

माझ्याकडच्या फायलीत आवाज हळूहळू पुढे जातोय. तीन तासांच्या शेवटी ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

चिप_चिवडा

ऑडिओ कुठून घेताय? लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेत असाल तर चित्राला काडीचं घड्याळ आणि आवाजाला लॅपटॉपचं घड्याळ. दोन घड्याळांत दहा लाखात शंभरचा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद, तीन तासांत सेकंदाहून जास्त. आवाजही काडीतूनच घ्या.

तरीही सरकत असेल आणि ते टप्प्याटप्प्याने, झटक्याने होत असेल, तर चौकटी गळताहेत. त्या काळी लोक जाहिरात आली की पॉझ दाबायचे. प्रत्येक पॉझच्या जोडावर सिंक तुटतो आणि काडी गोंधळते. इलाज म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर (चित्राचा बिघडलेला ठेका सरळ करणारं यंत्र). व्यावसायिक यंत्र महाग, पण पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले तर हेच काम बरंचसं करतात. डिस्क घालायची नाही, फक्त सिग्नल एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. झेंडा फडकणंही त्याने सरळ होतं. त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह मेलेला असला तरी चालतं, म्हणून बिघडलेला रेकॉर्डर भंगार भावात मिळाला तर सोडू नका.

लोकमान्यनगर_२

काडीतून घेतल्यावर जुळला. पण आता मागे सतत घूंऽऽ आवाज आहे.

चिप_चिवडा

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला तर ती ५० हर्ट्झची अर्थिंगची फेरी होती. गेला नाही तर घूं टेपेतच आहे, त्याबद्दल इथल्या केबलबंधूंना विचारा.

केबलबंधू

विचारा की!

टेपेवरचे अर्धे दोष मशीनचे नसतातच, ते त्या दिवशीच्या केबलचे असतात. हे ओळखता आलं नाही तर माणूस ट्रॅकिंगचा खटका फिरवत बसतो. खुणा अशा:

चित्रावरून आडवा काळपट पट्टा सावकाश वर सरकतोय: केबलच्या ॲम्प्लिफायरमधला किंवा अर्थिंगचा हम, म्हणजे तोच घूं. रेकॉर्डिंगच तसं आहे, आता जात नाही.

प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे फिकट दुसरी आकृती, म्हणजे 'भूत': केबलमध्ये कुठेतरी जोड नीट नव्हता, सिग्नल आपटून परत आला. किती लांब आपटला तेही काढता येतं. चित्राची एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते. २१ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर भूत म्हणजे सव्वा मायक्रोसेकंदाच्या आसपास उशीर, आणि केबलमधून जाऊन-येऊन तेवढा वेळ म्हणजे साधारण दीडशे मीटरवरचा खराब जोड.

भूत डावीकडे असेल तर गोष्ट वेगळी. मूळ चित्राच्या आधी भूत कसं येईल? येतं. केबलवाल्याने दूरदर्शन त्याच चॅनलवर टाकलंय ज्यावर शहरातला ट्रान्समीटर आहे, आणि टीव्हीची वायर हवेतूनही तोच सिग्नल थेट पकडते. हवेतला सिग्नल केबलपेक्षा आधी पोचतो. त्यामुळे डावीकडे भूत दिसलं तर रेकॉर्डिंग केबलवरचं, कार्यक्रम स्थानिक ट्रान्समीटरवरही चालू असलेला, म्हणजे झी किंवा स्टार नव्हे. ओळखायला हे कामी येतं.

झी २ ऑक्टोबर १९९२ ला एशियासॅट-१ वरून सुरू झालं. तो सी-बँडचा उपग्रह, त्यामुळे गच्चीवर बारा-सोळा फुटी जाळीच्या डिश. बरसातीत वाऱ्याने डिश थोडी हलली की चित्रात काळे-पांढरे तुटक ठिपके, माशांच्या शेपटीसारखे, उडायचे. केबलच्या कमजोर सिग्नलच्या मुंग्या वेगळ्या, त्या सगळीकडे सारख्या बारीक असतात. ठिपके शेपटीवाले असतील तर तो उपग्रहाच्या एफएम सिग्नलचा दोष.

सुदामानगरी

हे सोनं आहे केबलबंधू. तारखेकडे वळू या का?

गोखले_गणिती

तारीख काढताना लोक एक ठरलेली चूक करतात: यादीतलं गाणं कुठल्या सिनेमातलं ते बघायचं, सिनेमा कधी लागला ते बघायचं, आणि 'टेप त्यानंतरची' असं ठरवायचं. हे चुकीचं. त्या काळी कॅसेट सिनेमाच्या कितीतरी आधी बाजारात यायची आणि गाणं सिनेमा लागण्याआधीच यादीत चढायचं. 'हम आपके हैं कौन' ५ ऑगस्ट १९९४ ला लागला, 'रंगीला' ८ सप्टेंबर १९९५ ला, 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला. यातलं गाणं यादीत आहे एवढ्यावरून टेप या तारखांच्या अलीकडची की पलीकडची ते ठरत नाही, फक्त आसपासची आहे इतकं कळतं.

खरी तारीख तीन ठिकाणी लपलेली असते. एक, सिनेमाची जाहिरात: 'येत्या शुक्रवारी' असेल तर प्रदर्शनाच्या तारखेआधीचा आठवडा पक्का, 'आता चित्रपटगृहात' असेल तर फार मोठी खिडकी नाही. दोन, कार्यक्रमाआधी-नंतर चुकून रेकॉर्ड झालेल्या बातम्या किंवा क्रिकेटची जाहिरात. १९९६ चा विश्वचषक १४ फेब्रुवारी ते १७ मार्च होता, त्याची 'लवकरच' अशी जाहिरात आणि 'आज बघा' अशी जाहिरात यात स्पष्ट रेघ पडते. तीन, सूत्रसंचालकाचं वाक्य: 'मागच्या आठवड्यात पाचवर होतं, आज तीनवर.' हे वाक्य सर्वात मोलाचं.

कारण त्याने टेपा एकमेकींना जोडता येतात. एका कागदावर आडवे आठवडे, उभे दहा नंबर अशी चौकट आखा. टेप 'अ' मध्ये गाणं ३ वर, 'मागे ५' असं म्हटलंय. टेप 'ब' मध्ये तेच गाणं ५ वर. बाकीच्या सात-आठ गाण्यांचे 'मागचे नंबर'ही 'ब'शी जुळले तर 'ब' हा 'अ'च्या आधीचा आठवडा, वाद नाही. एक-दोनच जुळले तर योगायोग समजा. अशा साखळीतल्या एका टेपेची तारीख जाहिरातीवरून पक्की झाली की बाकीच्या सगळ्या आपोआप बसतात. दोन कुटुंबांकडच्या टेपा एकत्र आणायचा हाच खरा फायदा.

सीमारेषा लक्षात ठेवायला सोप्या: झी आहे म्हणजे ऑक्टोबर १९९२ च्या अलीकडे. मेट्रोची खूण आहे म्हणजे ३ नोव्हेंबर २००३ च्या आधी, त्या दिवशी त्या वाहिनीच्या जागी डीडी न्यूज आली. चॅनल व्ही १९९४ पासून, एमटीव्ही इंडिया १९९६ पासून. स्टारच्या पॅकेजात एमटीव्ही दिसलं तर ते फार तर १९९४ पर्यंतचं, त्या वर्षी ते स्टारवरून गेलं.

टेपेच्या खोक्यावरच्या छापील सालावर मात्र विसंबू नका. ते फक्त 'याआधी नाही' एवढं सांगतं, आणि तेही टेप त्याच खोक्यात असेल तर. वर रीळवाल्यांनी खोकी बदलायला सांगितलीच आहेत.

रीळवाले

म्हणून जुन्या खोक्याचा आणि लेबलचा फोटो काढल्याशिवाय ते फेकू नये. हे लिहायचं राहिलं होतं.

नंबरी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. ते नंबर म्हणजे जनगणना नव्हे.

पद्धत आकाशवाणीच्या काळातली, म्हणजे खरं तर रेडिओ सिलोनची. अमीन सायानींची गीतमाला १९५२ पासून. तिथे रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यांची सांगड घालत. १९८९ पासून ती विविध भारतीवर आली. 'पायदान' हा शब्दही तिथलाच. टीव्हीवाल्यांनी साचा उचलला, पण विक्रीचा आकडा आणायचा कुठून? नव्वदीत कॅसेट स्वस्त झाली, पानाच्या टपरीवर विकली जाऊ लागली, शिवाय नकली कॅसेटींचा सुळसुळाट. खरी विक्री कुणी मोजत नव्हतं, आणि मोजली तरी कंपनी सांगेल तेच.

राहिली पत्रं. पोस्टकार्ड १५ पैशांना होतं, एक माणूस दहा टाकू शकत होता. पत्रांचा ढीग किती होत असे त्याचा अंदाज दूरदर्शनच्या 'सुरभि' कार्यक्रमावरून येतो: १९९३ मध्ये एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं. पुढे टपाल खात्याने स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड काढलं ते या असल्या ढिगांमुळेच. एवढी पत्रं एका आठवड्यात मोजून, रविवारच्या भागाचं शूटिंग, संपादन आणि प्रसारण? कार्यक्रम आधीच तयार व्हायचा. म्हणजे यादी हा संपादकाचा आणि प्रायोजकाचा अंदाज, पत्रांचा आधार असलेला. माझं मत.

माळव्यातली_अनघा

थोडी असहमत. अंदाज असला तरी तो निराधार नव्हता. यादी अगदीच खोटी असती तर लोकांनी पंधरवड्यात पाहणं सोडलं असतं, आणि प्रायोजकालाही ते परवडलं नसतं. शिवाय टेपांवरून हे तपासताही येईल. एकाच आठवड्याचे मेट्रो आणि झी असे दोन्ही भाग मिळाले तर पहिल्या दहात किती गाणी सामाईक आहेत ते मोजा. सात-आठ असतील तर दोघंही एकाच हवेवर चालत होते असं म्हणता येईल.

नंबरी

किंवा दोघांकडेही त्याच कॅसेट कंपन्यांनी तीच गाणी पाठवली असं म्हणता येईल 🙂 सिनेमा लागण्याआधी गाण्याचा जो तुकडा निर्मात्याने दिला तोच दाखवता येणार. म्हणून तर चारही चॅनलवर तोच चाळीस सेकंदांचा नाच. पण मोजायची कल्पना मान्य. चौकटीत एक रकाना 'गाणं किती सेकंद दाखवलं' असाही ठेवा. अर्ध्या तासात जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटं उरतात, सूत्रसंचालकाची चार-पाच काढली की दहा गाण्यांना अठरा, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटं. त्यात कुणाला चार मिनिटं आणि कुणाला पन्नास सेकंद मिळाले, यातून नंबरपेक्षा जास्त कळतं.

सूरदास_नाही

एक तांत्रिक टीप, कारण एका फाइलीत कुणीतरी 'दुरुस्ती' करून ठेवलेली दिसली. टेपेवरची फिल्मी गाणी सीडीपेक्षा किंचित वरच्या सुरात आणि जलद वाटतात. टेप जोरात फिरते म्हणून नव्हे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर असतो, आपला पाल टीव्ही २५ वर. टेलिसिनेवर (फिल्मचा व्हिडिओ करणारं यंत्र) फिल्म सरळ २५ ने चालवत. वेग ४ टक्क्यांनी वाढतो, सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाऊणपट वर जातो, पाच मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ४८ सेकंदांत संपतं. प्रसारणच तसं झालं होतं. ते सीडीला जुळवायला गेलात तर सूत्रसंचालक घोगरा होईल, कारण त्याचं शूटिंग थेट व्हिडिओवर, योग्य वेगात आहे.

याच कारणाने पाहण्यासाठीची प्रत बनवताना २५ चौकटींवर आणू नका. गाणी फिल्मची, त्यात फरक दिसणार नाही. पण सूत्रसंचालकाचे भाग आणि सरकणाऱ्या नामावल्या सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींच्या आहेत, त्या अडखळतील. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरचं बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर किंवा वेळ असेल तर क्यूटीजीएमसी लावून ५० पूर्ण चौकटी करा. नेटवर चढवायचं असेल तर १४४० गुणिले १०८० ला मोठं करून चढवा, छोट्या चित्राला त्या साइट्स फार कमी बिटरेट देतात. खालच्या सात-आठ ओळींत फाटकी पट्टी दिसते, ती हेड बदलण्याची जागा. ती काळी करा, कापून चित्र ताणू नका.

रामबागकर

चढवण्यावरून आठवलं, हक्कांचं काय?

गोखले_गणिती

दोन थर आहेत. प्रसारणाचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ खाली, प्रसारणाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं. १९९४ च्या भागाचा तो २०१९ अखेर संपला. पण आतल्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं आणि सिनेमाचे तुकडे यांना ६० वर्षं, म्हणजे १९९४ च्या सिनेमाचे २०५४ अखेरपर्यंत. त्यामुळे घरात स्वतःसाठी जपायला अडचण नाही, जाहीरपणे चढवलं तर गाण्यांच्या मालकाचा दावा येणार. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. (चार टक्के जलद असलं तरी सुटका होतेच असं नाही.) जाहीर करायचंच असेल तर ती कागदावरची चौकट करा: यादी, नंबर, तारखा. माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो.

लोकमान्यनगर_२

एक टेप मध्येच तुटली आहे. सेलोटेपने जोडू?

रीळवाले

नको! सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, पुढच्या वेटोळ्याला चिकटतो आणि हेडवर येतो. स्प्लायसिंग टेप मिळाली तरी जोड हेडवरून नेऊ नये. त्यापेक्षा दोन खोकी घ्या. तुटलेला पहिला भाग एका रिळाला, दुसरा दुसऱ्या खोक्यातल्या रिळाला, प्रत्येकाच्या मोकळ्या टोकाला भंगार टेपेचा पारदर्शक तुकडा लावून. हा जोड रिळाच्या अगदी मुळाशी येतो, हेडपर्यंत जात नाही. चिकटपट्टी फितीच्या मागच्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने, फितीच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद. पारदर्शक टोक लावायला विसरलात तर मशीनला टेप संपल्याचं कळत नाही आणि ते रिळावरून फीत उपटतं. दोन्ही भाग वेगवेगळे कॅप्चर करा, जोडणं संगणकावर.

चुरगळलेला भाग कापून टाकू नका, बोटांनी नव्हे तर हातमोजे घालून हलका सपाट करा. दोन सेकंद फाटलेलं चित्र असलं तरी त्यात नंबर ऐकू येऊ शकतो.

सुदामानगरी

चौकट सगळ्यांना एकसारखी भरता यावी म्हणून रकाने ठरवतो: टेपेचा क्रमांक, खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा, वाहिनी, टेपेवर किती मिनिटाला कार्यक्रम सुरू होतो, नंबर, गाणं, मागचा नंबर (सूत्रसंचालकाने सांगितला असेल तरच), किती सेकंद दाखवलं, मधल्या जाहिराती क्रमाने, तारीख, आणि तारीख कशावरून. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तारखेचा रकानाही रिकामा ठेवा.

केबलबंधू

त्यात 'भूत डावीकडे की उजवीकडे' हा रकाना घाला.

सुदामानगरी

घातला. सहा तासांच्या एलपी टेपा (अर्ध्या वेगाने भरलेल्या) आधी घेऊ नका, त्या साध्या दोन हेडच्या व्हीसीपीवर नीट चालत नाहीत. त्यासाठी एलपी लिहिलेलं मशीन लागेल. कुणाकडे असेल तर सांगा, तोवर त्या टेपा पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा. स्पीकरच्या शेजारी नको.